व्हर्नाची लाल गाडी

"राखाडी घेऊ," आर्विड म्हणाला. "बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात ते मीठ चिकटलं तरी दिसत नाही."

"लाल," व्हर्ना म्हणाली.

विक्रेता कोल्टन टेबलावर रंगांचे छोटे पत्रे मांडून बसला होता. त्यानं एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि समजूतदारपणे कॉफी आणायला उठला. काचेबाहेर अमेरिकेच्या थंड उत्तरेतल्या डुलूथ शहराचा मार्च महिना होता. रस्ता, सरोवर, आभाळ, सगळं एकाच रंगाचं.

आर्विडनं लाल पत्रा बोटानं बाजूला सारला. लग्न झाल्यापासून त्यांच्या दारात राखाडी नाहीतर पांढरी गाडी आली होती आणि त्यावरून कधी शब्दाला शब्द लागला नव्हता.

"अगं, साधी घरगुती सेडान घेतोय आपण. नातवंडांना शाळेतून आणायला आगीचा बंब कशाला? रविवारी चर्चपुढे लावली तर लोक म्हणतील, म्हातारा चळला."

"म्हणू देत. तुझ्याबद्दल बोलायला काहीतरी मिळेल बिचाऱ्यांना."

तिनं पत्रा परत ओढून घेतला आणि मान वळवून तिरक्या नजरेनं पाहिला. हल्ली ती असंच बघायची, ताटाकडे, टीव्हीकडे, त्याच्याकडेसुद्धा. कशावरून तरी रुसली असेल, असं त्याला वाटायचं. विचारलं तर भांडण निघेल म्हणून तो गप्प राहायचा.

"परवा किराणा घेतल्यावर तू मला म्हणालास, पुढे जाऊन गाडीत बस," व्हर्ना म्हणाली. "मी बसले. पट्टासुद्धा लावला. मग एक बाई आली नि दार उघडून म्हणाली, आजी, तुम्ही कोण?"

आर्विडला हसू फुटलं. ती हसत नाही हे पाहून ते अर्ध्यावरच थांबलं.

"तिची गाडी हिरवी होती म्हणे. मला नाही कळलं. मधोमध सगळं पुसल्यासारखं होतं, आर्विड. कडेकडेनं दिसतं. भडक रंग तेवढा अजून कळतो."

"डॉक्टरांना दाखवायला हवं."

"बहिणीला घेऊन जाऊन आले. गेलेली नजर परत येत नाही म्हणाले. उरलीय तीही हळूहळू जाईल."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर दारापासून दारापर्यंत हात धरून नेलं असतंस. तुला ओळखत नाही का मी?" ती शांतपणे म्हणाली. "जमेल तोवर गाडीपर्यंत माझी मी चालत येईन. एवढंच मागतेय."

आर्विडचा हात तिच्या कोपराकडे निघाला होता. तो त्यानं मागे घेऊन टेबलावर ठेवला. शेजारी राखाडी गाड्यांची रांग उभी होती, तिकडे तो पाहत राहिला.

कोल्टन कॉफीचे पेले घेऊन आला. "मग, काय ठरलं? राखाडी आजच्या आज मिळेल."

आर्विडनं लाल पत्रा उचलला, खिडकीपाशी नेला, उजेडात धरून बराच वेळ निरखला.

"लालच," तो म्हणाला. "पण हा जरा फिकाच वाटतो. याहून भडक नाही का तुमच्याकडे?"