आत्याचे तीन डबे

हरवली म्हणून तासभर शोधलेली जपमाळ सापडली ती आत्याच्याच कनवटीला. तोवर दिवस मावळायला जेमतेम पाऊण तास उरला होता, आणि दूधगंगेच्या काठावर उभ्या असलेल्या नेमिनाथचा जीव टांगणीला लागला होता.

धोंडूबाई आत्यानं काल अनंत चतुर्दशीचा कडकडीत उपास केला होता. परवा दुपारनंतर तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. पारणं फेडायचं तर आपल्याच गावच्या बस्तीत, जैन मंदिरात, देवाचं दर्शन घेऊन, हा तिचा वर्षानुवर्षांचा नेम. आणि दिवस मावळल्यावर तोंडात काही घालायचं नाही, हा तर अख्ख्या घराचा. म्हणजे आज मावळतीच्या आत गावी पोचलं नाही, तर सत्तरीची ही बाई उद्या सकाळपर्यंत उपाशी राहणार होती.

खरं तर निपाणीहून सकाळीच निघायचं ठरलं होतं. पण आत्याला आज कशाची घाईच नव्हती. आधी बैलाच्या खुराला काही लागलंय म्हणाली. मग नेसलेलं लुगडं बदललं. मग कोगनोळीपर्यंत आलेली गाडी माघारी फिरवायला लावली, कारण रॉकेलचे तीन रिकामे डबे घरीच राहिले होते. बियाणं ठेवायला हवेत म्हणे. सावलीवरून वेळ सांगणारी, जन्मात कुठं उशिरा न पोचलेली बाई ती. उपासानं भ्रम झाला की काय, असं नेमिनाथला वाटून गेलं.

तिचं गाव नदीच्या वरच्या अंगाला, पलीकडच्या काठावर. भाद्रपदातलं पाणी फुगलेलं. रवळू नावाड्यानं काठीनं रेटत नेलं असतं तर पोचायला दिवेलागण झाली असती. उरलं एकच, नेमिनाथनं मुंबईहून मागवलेलं इंजिन. तंबाखूच्या पेठेत त्याच्या गाड्या होत्या, गोदामं होती, पण खरा लळा होता तो ह्या इंजिनाचा. नावेच्या मागं ते लावलं आणि वेगाचा खटका पुढं सारला की पंचक्रोशी काठावर बघायला यायची. घरातल्या बायका श्रावणापासून विनवत होत्या. त्यांना त्यानं एका वाक्यात गप्प बसवलं होतं. बायकांनी ह्यात बसायचं नाही.

आज मात्र इलाज नव्हता. आत्या नावेत चढली, पदर कमरेला घट्ट खोचला आणि सगळ्यात पुढं जाऊन बसली. एक डबा तिनं नेमिनाथच्या पायाशी सरकवला, एक रवळूच्या, एक स्वतःच्या मांडीवर घेतला. डब्यांची तोंडं कथिलानं झाळून पक्की बंद केलेली होती, प्रत्येकाला लांब दोरी होती. नेमिनाथला चौकशी करायला सवड नव्हती. त्यानं खटका पार टोकाला नेला.

नाव उसळली. पुढचं टोक वर आलं, पाणी दोन्ही बाजूंना फाकलं. नेमिनाथला ह्या वेगाची धुंदी ठाऊक होती, पण आज तो एक डोळा सूर्यावर ठेवून होता.

वळण संपताच रवळूनं हात वर केला. समोरून गुऱ्हाळात रस आटवायची भलीमोठी काहील येत होती. हंगामाआधी रिकामी असते म्हणून लोक पावसाळाभर तिच्यातूनच नदी ओलांडायचे. आत पाच माणसं, गवताचे भारे आणि एक वासरू. काहिलीचा काठ पाण्यापासून जेमतेम चार बोटं वर.

"मालक, आपली लाट गेली तर कायल भरंल," रवळू म्हणाला.

नेमिनाथनं सूर्याकडं पाहिलं, मग आत्याच्या पाठीकडं. दोन दिवसांची उपाशी बाई. क्षणभर त्याचा हात खटक्यावर तसाच राहिला. मग त्यानं तो मागं ओढला. इंजिन खोकलं, मंदावलं. काहील डुलत डुलत शेजारून गेली. वासरानं त्यांच्याकडं पाहिलं. नेमिनाथला भीती होती की आत्या आता कळवळून काही बोलेल. ती वळून वासराकडं बघत होती.

पुढं त्यानं खटका टोकाला नेला नाही. अर्ध्याहून थोडा पुढं, बस्स. आणि त्याला नवल वाटलं. नाव आता उड्या मारत नव्हती. सरळ, गुळगुळीत पळत होती, आणि अंतर तर भराभर तुटत होतं. पाण्याचा एक फवारा आत्याच्या तोंडावर आला. तिनं तो पुसला नाही. महिनाभर हे इंजिन पळवूनही जी मजा त्याला आली नव्हती, ती आज आली.

गावचा घाट आला तेव्हा सूर्य उसाच्या शेंड्यांवर हातभर उरला होता. आत्याची जाऊ काठावर वाट बघत उभी होती. नेमिनाथनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि आत्याला हात देऊन उतरवताना जरा चढ्या आवाजातच सुनावलं, की थोडक्यात निभावलं, पुढच्या खेपेला वेळेवर निघायचं.

आत्यानं मान डोलावली. मांडीवरचा डबा रवळूकडं दिला.

"हे तिन्ही नावंतच ऱ्हाऊ देत रं," ती म्हणाली. "बसणाऱ्यानं पाठीला बांधून बसायचं. पाण्यात पडलाच तर तरंगंल."

"आणि बियाणं?" नेमिनाथनं विचारलं.

"तोंडं झाळल्यात न्हवं, बियाणं कुठनं भरू?" आत्या हसली. बस्तीच्या वाटेला लागता लागता ती वळली.

"सकाळच्या पारी निघालो असतो, तर तू मला ह्यात बसवलं असतंस व्हय, नेम्या?"