अडायला हवं होतं

"ह्यानेच?" बापाने विचारलं.

"हा त्याच जातीचा. तो पंप पोलिसांकडे आहे," पंप बनवणाऱ्या कंपनीचे साहेब म्हणाले.

टेबलावर विटेएवढा पांढरा पंप होता. सिरिंजमधलं औषध ठरलेल्या वेगाने नळीत सोडायचं, एवढंच त्याचं काम. बापाने तो उलटा करून मागचे स्क्रू पाहिले, नळी बोटांत धरली आणि सोडून दिली. कामावरून तसाच आला होता तो. नखांत ग्रीस होतं. तीस वर्षं तो लिफ्ट दुरुस्त करत होता.

त्याच्या एकोणीस वर्षांच्या मुलीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन नीट पार पडलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी, दुखणं थांबवणारं, दिवसभर पुरायचं औषध ह्या पंपाच्या भावाने तिच्या अंगात पंचवीस मिनिटांत ओतलं. ती झोपेतून उठलीच नाही. त्याला आज बारा दिवस झाले.

"ह्याच्या आतलं डोकं कुणाचं?"

"आमची मोठी टीम असते, त्यामुळे—" साहेबांनी सुरुवात केली.

"माझं," कोपऱ्यात बसलेली प्रोग्रॅमर म्हणाली.

साहेबांनी तिला सकाळीच बजावलं होतं : तू नुसती बस, बोलायचं ते मी बोलेन. आता त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

बाप तिच्याकडे वळला. "मला समजेल असं सांगा, ताई. मोटर, ब्रेक, वायरिंग मला कळतं."

"नर्सने मध्येच पंप थांबवला, सिरिंज बदलली आणि परत चालू केला. त्या क्षणी तासाचा आकडा पंपाने मिनिटाचा म्हणून धरला. ती चूक माझ्या प्रोग्रॅममध्ये होती."

"हे अजून सिद्ध व्हायचंय," साहेब म्हणाले.

बापाने त्यांचं बोलणं कानाआड केलं. "चूक होते. माझ्याकडून काय कमी झाल्यात? पण आमच्याकडे लिफ्टचा वेग जास्त झाला ना, की खालचा जबडा रूळ पकडतो. लिफ्ट जागच्या जागी अडते. आत अडकलेली माणसं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. मी म्हणतो, करा बाबांनो. शिव्या द्यायला जिवंत आहात ना?" तो थांबला. "तुमच्यात तसलं काही नसतं?"

"असतं."

"आपण हे वकिलांसमोर—" साहेब म्हणाले.

"असर्ट म्हणतात त्याला," ती बोलतच राहिली. "प्रोग्रॅम लिहिताना ज्याची आपल्याला खात्री असते, ते मध्ये मध्ये लिहून ठेवायचं. इथे वेग अमक्याच्या वर असणारच नाही, असं. यंत्र चालताना ते ताडून बघतं. खोटं निघालं की तिथल्या तिथे थांबतं आणि कुठली ओळ खोटी पडली ते सांगतं. म्हणजे आमची चूक आम्हाला सापडते."

"मग ती ओळ ह्यात नव्हती?"

"होती."

"मग?"

"त्या ओळी आमच्यासाठी असतात, चुका शोधायला. माल बाहेर जाताना बंद करतात. बरेच जण करतात. त्या जागी कायमचा अलार्म बसवायचा असतो. तो पुढच्या खेपेला बसवू म्हटलं." मग तिने उरलेलंही सांगून टाकलं. "चाचणीच्या वेळी पंप दोनदा अडला होता. डॉक्टर वैतागले. एक चूक मला सापडली, ती काढली. दुसरीही तीच असेल असं मी धरून चालले. आणि ओळी बंद केल्या."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

साहेब पाण्याच्या ग्लासाकडे बघत होते.

"बंद मी केल्या," ती म्हणाली.

"किती वेळ लागतो बंद करायला?"

"एक शब्द लिहावा लागतो."

बापाने पंप तिच्यासमोर सरकवला. मग म्हणाला, "चालू करून दाखवा."

"त्याने आता काय होणार आहे?" साहेब अगदी हळू आवाजात म्हणाले.

"काही नाही होणार. दाखवा."

तिने लॅपटॉप उघडला, तो एक शब्द खोडला आणि प्रोग्रॅम नव्याने पंपात भरला. त्याला पाच मिनिटं लागली. त्या पाच मिनिटांत तिघांपैकी कुणीही कुणाकडे पाहिलं नाही. मग तिने सिरिंजमध्ये पाणी घेतलं, आकडा लावला, पंप चालू केला. थांबवला. सिरिंज बदलली. परत चालू केला.

पंपाने एक हिसका दिला आणि तो अडला. नळीच्या टोकातून थेंबसुद्धा पडला नाही. बारीक आवाजात तो वाजायला लागला आणि लॅपटॉपच्या पडद्यावर एक ओळ उमटली.

"अडला," बाप म्हणाला. टेबलावर दोन्ही हात टेकून तो पडद्याकडे वाकला. "काय लिहिलंय?"

"इंग्रजीत आहे ते," साहेब म्हणाले.

"वाचा ना, ताई."

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी, चहा गार होईल म्हणून घाईघाईत, तिने ते स्वतःसाठी लिहिलं होतं. बाहेरच्या कुणी ते वाचावं असं त्यात काहीच नव्हतं.

"'असं कधीच होऊ शकत नाही,'" तिने वाचलं.

बापाने मान हलवली.

"मीही हेच म्हणालो होतो," तो म्हणाला. "हॉस्पिटलचा फोन आला तेव्हा."