अंतरपाटाआड

"अंतरपाट धरायचा ना?" गुरुजींनी भालचंद्ररावांना हळूच विचारलं. "नाही म्हणजे, जावईबापूंना तसंही दिसत नाही."

"धरा," ते तुटकपणे म्हणाले. वर्षभर तेही लेकीला हेच सुनावत आले होते. कॉलेजात ती त्याची लेखनिक होती. परीक्षेत तो उत्तरं सांगायचा, ती लिहायची. तिथेच जुळलं. "ऋजुता, त्याला तुझा चेहरा जन्मात दिसणार नाही!" पण तिने हट्ट सोडला नव्हता.

काल हळदीत ती सगळ्यांशी हसून बोलत होती. आता हार घेऊन, मान खाली घालून उभी होती. पहिलं मंगलाष्टक संपलं, अक्षता पडल्या, आणि कापडापलीकडून दबका आवाज आला, "ऋजू, रडतेस?"

शेजारीच उभ्या असलेल्या भालचंद्ररावांनी तेव्हा कुठे लेकीकडे पाहिलं. तिचे गाल केव्हाचे ओले होते.