बेलिफ यायच्या आत

दहा वाजून पाच मिनिटं झाली होती आणि कोर्टाचा बेलिफ साडेदहाला घर खाली करून घ्यायला येणार होता. बर्निस जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आपल्या चार वर्षांच्या लेकीला, टॅम्सिनला, मांडीवर घेऊन बसली होती. पिशव्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. किटली तेवढी अजून स्वयंपाकघरात होती, चहा न पिता रस्त्यावर यायचं म्हणजे फारच झालं.

तिला निघून जावंसं वाटत होतं. पण उठायची सोय नव्हती. बेघरांना घरं देणाऱ्या कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, बाईनं तीनदा बजावलं होतं, "बेलिफ दारात येऊन बाहेर व्हा म्हणेपर्यंत घर सोडायचं नाही. एक तास जरी आधी निघालात तरी तुम्ही आपणहून बेघर झालात असं आम्ही धरणार. मग कौन्सिलचं घर विसरा." घरांसाठी थांबलेल्यांची यादी त्यांची, घरंही त्यांचीच. बेलिफनं हाकललं तर आज संध्याकाळी कुठंतरी एक खोली आणि वर्षा-दोन वर्षांत स्वतःचं म्हणावं असं घर. आपल्या पायांनी निघालं तर काहीच नाही. म्हणून बर्निस बसून होती.

मागचं दार उघडलं आणि तिचे वडील आत आले. क्लिफर्ड लेकीजवळच राहायचे. जन्मभर बस चालवलेला माणूस. आज अंगात कोट होता, बुटांना पॉलिश होतं आणि गळ्यात टाय होता. टाय ते एरवी फक्त मयताला बांधत.

"कुठं गेला होतात, बाबा?"

"इथंच, कोपऱ्यापर्यंत." त्यांनी किटली लावली. "तू आता निवांत बस, पोरी. कुणी येत नाही."

"येत नाही म्हणजे?"

"घरमालकाकडे जाऊन आलो. चाव्या दिल्या ऑर्मरॉडच्या हातात. म्हटलं, दुपारपर्यंत आम्हीच घर रिकामं करतो, बेलिफ-बिलिफ काही नको. आपल्या सात पिढ्यांत कुणाला कुणी दारातून हाकललं नाही, बर्नी. समोरची विनिफ्रेड सकाळपासून पडद्याआड उभी आहे. तिला फुकटचा तमाशा कशाला दाखवायचा?"

"काही लिहून दिलंत का?"

"दोन ओळी. स्वखुशीनं ताबा देत आहोत म्हणून. भाडेकरार माझ्याच नावावर, म्हणून सही मीच केली खाली. भला माणूस आहे, हात मिळवला त्यानं."

ते शाबासकीची वाट बघत उभे होते.

"बाबा, कौन्सिलची बाई काय म्हणाली ते सांगितलं होतं ना मी तुम्हाला?"

"त्या टेबलामागच्या बायांना काय कळतंय? अगं, आमच्या वेळी कौन्सिलचा माणूस घर बघायला यायचा. दाराची पायरी बघायचा, पडदे बघायचा, पलंगाखाली वाकून बघायचा. वहीत लिहायचा, माणसं चांगली आहेत की नाहीत. तुझी आई आदल्या दिवशी पायरी घासून घासून बोटं सोलून बसली होती. म्हणून मिळालं आपल्याला बागेसमोरचं घर. नीट वागणाऱ्याला आधी देतात, बर्नी."

"आता वागणं बघत नाहीत, बाबा. आता हाकललं की नाही तेवढंच बघतात."

क्लिफर्ड हसले, मग लेकीच्या चेहऱ्याकडे बघून हसायचे थांबले.

तिनं कौन्सिलला फोन लावला. यंत्रातली बाई म्हणाली, तुमच्या पुढं एकोणीस जण आहेत. बर्निसनं फोन शेजारी पायरीवर ठेवला आणि कान रस्त्याकडे लावले. तीन महिने ती ज्या माणसाच्या नावानं रात्री दचकून उठत होती, तो यावा म्हणून आता देवाला विनवत होती. एक गाडी आली, गेली. दुसरी आली, तीही गेली. साडेदहा झाले. तिसरी गाडी दाराशी थांबली.

कडी वाजायच्या आत तिनं दार उघडलं.

ऑर्मरॉड उभा होता, हातात बिस्किटांचा डबा. "मुलीसाठी आणलाय. बेलिफला मी कळवलं, यायची गरज नाही म्हणून. तुमच्यासारखी समजूतदार माणसं हल्ली मिळत नाहीत हो."

"त्याला परत बोलवा," बर्निस म्हणाली.

"कुणाला?"

"बेलिफला. आणि तो कागद फाडून टाका. आम्हाला बाहेर काढा, मिस्टर ऑर्मरॉड. चारचौघांत काढा. पिशव्या हव्या तर रस्त्यावर फेका. मी हात जोडते."

त्याला ती थट्टा वाटली, मग ती थट्टा नाही हे कळल्यावर तो ओशाळला. "असं कसं म्हणता? मी काय राक्षस आहे का? आणि कागद तर वकिलाकडे गेलासुद्धा." डबा उंबऱ्यावर ठेवून तो लगबगीनं गाडीकडे गेला. समोरचा पडदा हलला.

बर्निस दारातच उभी राहिली. मांडीवरून उतरलेली टॅम्सिन तिच्या पायाला चिकटली होती. मागे किटली उकळून आपोआप बंद झाली, चहा कुणी केला नाही.

क्लिफर्ड तिच्या मागे येऊन बोलले. आवाज इतका खाली की आधी तिला वाटलं, ते टॅम्सिनशीच बोलताहेत.

"बर्नी, कौन्सिलवाल्यांना सांग, म्हाताऱ्याला भ्रम झालाय, त्याची सही धरू नका. काय करतो ते त्याचं त्याला कळत नाही, घरात कपडे ओले करतो, असं सांग. डॉक्टरपुढं मी वेड्यासारखं बोलेन, सगळ्यांसमोर बोलेन. चालेल ना त्यांना?"