पाठची बहीण

"वरसं किती हिला?" मालनचं सुजलेलं मनगट चाचपत सखाराम हाडवैद्याने विचारलं.

"बारा," गोदाबाई म्हणाली. तिला विचार करावा लागला नाही. महिनाभर ती हेच सांगत होती आणि आता ते तिच्या तोंडात चांगलं बसलं होतं.

मालनला एकोणीस पूर्ण झाली होती. दहाव्या वर्षी होती तेवढीच ती राहिली. ना उंची वाढली, ना न्हाण आलं. हाडं मात्र म्हातारीची. काल रिकामी कळशी उचलताना मनगट गेलं. तिच्यामागची कमळा दोन वर्षांनी लहान, पण दारात उभी राहिली की दार भरून जायचं. कमळाला राजापूरचं स्थळ आलं, तेव्हा थोरली घरात असताना धाकटीचं कसं, असं कुणी विचारील या धास्तीने गोदाबाईने दोघींची अदलाबदल करून टाकली. कमळा थोरली, मालन पाठची. बघणाऱ्यांना शंका यावी असं काही नव्हतंच. लग्न चोवीस दिवसांवर आलं होतं.

आज खरं सांगून टाकलंही असतं. पण वैद्याच्या पडवीत नवऱ्या मुलाची आत्या, आनंदीबाई, येऊन बसली होती. व्याह्यांची पोर आपल्या राजापुरात हात दाखवायला आलीय म्हटल्यावर ती माउली घरी थोडीच बसणार!

"नीट सांगा हां," सखाराम म्हणाला. "ल्हान पोराचं हाड एकवीस दिसांत धरतं. जाणत्या माणसाला दीड महिना पट्टी लागते. आधी सोडली तर हात वाकडा. मग जल्माचा गेला."

गोदाबाईने पदर सारखा केला. "बाराच."

"मग घ्या कोणीतरी मांडीवर."

लहान पोरांना तो असंच कुणाच्या तरी मांडीवर धरायला लावायचा. गोदाबाई पुढे व्हायच्या आत आनंदीबाईने मालनला ओढून मांडीवर घेतलंसुद्धा. मालन अवघडून बसली. आपला भार पडू नये म्हणून तिने पायाची बोटं जमिनीला टेकवून ठेवली.

सखारामने हात ताणला. कट्‌कन आवाज झाला. मालनच्या कपाळावर घाम फुटला, पण तोंडातून हूं की चूं नाही.

वैद्याचे हात थांबले. "बारा वरसांच्या पोरानं घर डोक्यावर घेतलं असतं," तो म्हणाला. त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. "तूच सांग गो बाय, खरी वरसं किती तुझी?"

मालनने आईकडे पाहिलं. गोदाबाई सारवलेल्या जमिनीकडे बघत होती. मालनला कमळा आठवली. लग्नाच्या साडीची घडी ती रोज उलगडून बघायची आणि पुन्हा तशीच घालून ठेवायची.

"बारा," मालन म्हणाली.

सखारामने लेप लावला, बांबूच्या कांब्या बसवून पट्टी गुंडाळली. "एकविसाव्या दिवशी सोडा," त्याने सांगितलं.

"म्हंजे लग्नात हात मोकळा!" आनंदीबाई खूश झाली. "नवरीच्या मागं करवली म्हनून पाण्याचा करा धरून हीच उभी ऱ्हायची. पाठची भैन ना ती!" तिने मालनच्या केसांवरून हात फिरवला. "आनी तू मोठी झालीस ना, की तुझा न्हवरापन मीच बघीन हां."

मालन रडायला लागली. आधी मुसमुसत, मग मोठमोठ्याने. भोवती एवढी माणसं होती, एकीने तर पोटाशी धरलं होतं, आणि इतकं एकटं तिला कधीच वाटलं नव्हतं.

सखाराम गोंधळला. पट्टी फार आवळली का, ते त्याने बोट घालून पाहिलं.

"आता गो काय झालं?" तो म्हणाला. "दुखायचं तेवढं दुखून झालं."