प्रमाणाबाहेर

"एकच येणी घालू का दोन?" आबांनी विचारलं. पारूबाईंनी एक बोट वर केलं. गेल्या वर्षी त्यांच्या एका अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून त्यांची वेणीफणी आबांकडंच होती.

एका दिवसाच्या सुट्टीला कुंडलला आलेला त्यांचा मुलगा प्रशांत सोप्यात बसून हे बघत होता आणि मनातल्या मनात चरफडत होता. म्हातारा माणूस दारात बसून बायकोची वेणी घालतो म्हणजे काय? अख्खी गल्ली हसायची, बाईलवेडा म्हणायची. आबांच्या ते गावीही नसायचं.

प्रशांतच्या मांडीवर उद्याच्या तासाचं पुस्तक होतं. सांगलीच्या एका कॉलेजात तो तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवायचा. धड्यात नेमका एक आडवळणी शब्द आला होता, 'अक्सोरिअस'. बायकोवर प्रमाणाबाहेर जीव असलेला. इंग्रजी लेखकांनी तो बहुतेक हसायलाच वापरलेला, कधी बायकोच्या शब्दाखातर राज्य घालवणाऱ्या राजाला, कधी नाटकातल्या भित्र्या नवऱ्याला. प्रशांतला तो शब्द भलताच झोंबला. त्याच्या बायकोला, दीक्षाला, साताऱ्याच्या दवाखान्यात नर्सची कायमची नोकरी लागली होती. त्याला काय, तास साताऱ्यातही मिळाले असते. पण बायकोच्या नोकरीमागं गाव बदलायचं त्याच्या जिवावर आलं. लोक काय म्हणतील? सांगलीच्या घरून निघताना त्यानं तिला सांगून टाकलं होतं, नाही म्हणून कळव.

पुस्तकात काय आहे, असं आबांनी सहज विचारलं. जरा टोचावं म्हणून त्यानं त्या शब्दाचा अर्थ सांगितला. आबा चिडले नाहीत. कंगव्यातले केस काढत विचार करत राहिले.

"प्रमाणाबाहेर म्हंजी? माप कुणी ठरवलं?"

"लोकच ठरवत्यात, आबा."

"आन् नवऱ्यावर आसा जीव लावणारीला काय म्हणत्यात?"

प्रशांतनं डोकं खाजवलं. इंग्रजीत काही आठवेना, मराठीत 'पतिव्रता' आठवला, पण तो कौतुकाचा. तिला हसायचा शब्द काही ऐकण्यात नाही, असं तो म्हणाला.

"न्हाईच आसणार," आबा म्हणाले. "मी रेल्वेत गँगमन. बदली हुईल तिथं ही माझ्यामागं आली, भांडीकुंडी डोक्यावर घिऊन. कोण हसलं न्हाई रं. आन् येतीस का म्हणून मीबी कवा इचारलं न्हाई."

पारूबाईंनी चांगल्या हातानं त्यांच्या गुडघ्यावर हळूच थोपटलं.

प्रशांतनं पुस्तक मिटलं. दीक्षाला आपण तरी कुठं विचारलं? नुसतं सांगून मोकळे झालो. तो अंगणात गेला आणि त्यानं सांगलीला फोन लावला. कळवायला अजून दोन दिवस होते. त्यानं एका दमात सगळं बोलून टाकलं. हो म्हण, मी येतो साताऱ्याला, कुणाला हसायचं ते हसू दे.

पलीकडं दीक्षानं सगळं ऐकून घेतलं. मग नेहमीच्याच आवाजात म्हणाली,

"अहो, मी सकाळीच नाही म्हणून कळवलं. तुम्ही म्हणाला होता ना. त्यात काय एवढं?"