हवालदाराची बदली

"कोणी नेणार नाही त्याला," प्रभाकर म्हणाला. "बिल्डिंग खाली होईपर्यंत हवालदार इथेच पडलेला असेल. कोणी नेलाच, तर ही मिशी गेटवर उतरवतो. सगळ्यांसमोर!"

मिशी म्हणजे प्रभाकरची अर्धी ओळख. कोपरीत रिक्षावाले तिच्यावरून बिल्डिंग ओळखायचे.

"आणि नाही नेला तर?" सुधीरने विचारलं.

"तर तू वहिनींचा गाऊन घालून स्टेशनपर्यंत चालत जायचं."

खाली खुर्च्या टाकून बसलेली मंडळी खिदळली. त्यांच्या पायाशी पसरलेल्या हवालदाराने नुसती शेपूट आपटली. सुधीर सोसायटीचा सेक्रेटरी. मॅच असो, इलेक्शन असो, पैज हरणं त्याला माहीतच नव्हतं. त्याने हात पुढे केला. "लागली!"

प्रभाकर जिना चढताना कठडा धरून मधेच टेकला. त्याला हेच हवं होतं. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलेली, महिनाअखेर सगळ्यांनी बाहेर पडायचं होतं. त्याला दिवा स्टेशनजवळ सातव्या मजल्यावर भाड्याचं घर मिळालेलं. मालकाची अट एकच, जनावर नको. त्याआधी बघितलेल्या प्रत्येक मालकाची तीच. आणि हवालदार अर्धा लॅब्रॅडोर, अर्धा कोपरीचा. प्रभाकरने नाल्यातून बाहेर काढला तेव्हाच चांगला बाप्या झालेला. त्याच्यासाठी तो नौपाड्यापासून डोंबिवलीपर्यंत दारं वाजवून आला. पिल्लू नाही का? ब्रीड कुठली? बोलून बोलून तोंड दुखलं, चालून चालून चपला गेल्या. बिल्डिंग पडली की कुत्रं ढिगाऱ्यावर राहणार, हे डोक्यातून जात नव्हतं. आता स्वतःच्या पायात जीव उरला नाही म्हटल्यावर त्याने सुधीरचे पाय कामाला लावले.

सुधीर लागलाच कामाला. हवालदाराचा फोटो भजनी मंडळापासून मॉर्निंग वॉकपर्यंत सगळ्या ग्रुपवर फिरला. रोज कोणी ना कोणी बघायला यायचं. एक बाई म्हणाल्या, "रंग जरा उजळ असता तर सोफ्याला शोभला असता." एक कुटुंब नातवासकट आलं. हवालदार शिंकला, कुटुंब परत गेलं. प्रभाकर प्रत्येकाला चहा पाजायचा आणि रिकामे कप उचलायचा.

मग सुधीरने मितेशला आणलं. कल्याणला गोडाऊन, दारात टेम्पो, हातात साखळी.

"रात्री मोकळा सोडणार ना?" प्रभाकरने विचारलं.

"मोकळा कशाला? भुंकायचंच तर आहे."

"जगनला बोलवा रे!" सुधीर ओरडला. जगन म्हणजे कोपऱ्यावरचा न्हावी.

हवालदार प्रभाकरच्या पोटऱ्यांमागे जाऊन उभा राहिला.

"नाही द्यायचा," प्रभाकर म्हणाला.

"अरे! हरायला लागलास की नियम बदलतोस? कोणी नेला तर, एवढंच ठरलेलं."

"मग मी चीटर. जा, सांग सगळ्यांना."

सुधीरने सांगितलं. दुसऱ्या दिवशी जिन्यात, नळावर, दूध आणायला गेला तिथेही 'चीटर काका' सुरू झालं. एका मिशीसाठी माणूस किती घसरतो, असं म्हणे. एरवी प्रभाकरने एकेकाला चार ऐकवून परत पाठवलं असतं. आता मान हलवून पुढे जायचा.

शेवटचा दिवस उजाडला. गेटवर टेम्पो, कपाटं दोरीने बांधलेली, हवालदार कोणाच्या तरी गुंडाळलेल्या गादीवर. दुपारी सुधीर रिक्षातून उतरला, घामाने निथळत. मागून गुडघ्यावर हात ठेवत एक बाई उतरल्या. आयव्ही. कोलबाडला बैठं घर, एकट्याच राहायच्या.

"खातो काय?"

"द्याल ते," प्रभाकर म्हणाला. "पण फटाक्यांना घाबरतो. पलंगाखाली शिरतो. आणि रात्री घोरतो."

"गप की!" सुधीरने त्याला कोपर मारलं.

"आमचे मिस्टर घोरायचे," आयव्ही म्हणाल्या. "ते गेले तेव्हापासून मला झोप नाय."

"वयही झालंय त्याचं. खोटं कशाला सांगू?"

"माझं काय कमी झालंय? पिल्लू घेतलं तर ते माझ्यामागे उरेल. मग त्याला कोण बघेल?"

त्या पालथ्या बादलीवर बसल्या. हवालदाराला हाक मारली नाही, हात पुढे केला नाही. नुसत्या पाय चोळत बसल्या. बऱ्याच वेळाने तो गादीवरून उतरला, त्यांच्या चपलांचा वास घेतला आणि तिथेच अंग टाकलं.

प्रभाकरने पट्टा त्यांच्या हातात दिला.

"जगन!" सुधीरची आरोळी पार नाक्यापर्यंत गेली.

टेम्पोवाले हमाल थांबले, बायका गॅलरीत आल्या. गेटच्या मधोमध स्टूल ठेवलं. प्रभाकर राजासारखा बसला. "नीट काढ रे, हिच्यावर बायको भाळलेली!" सगळे हसले. पहिला वस्तरा फिरला तेव्हा टाळ्या पडल्या, मोबाईल वर झाले. सुधीर सगळ्यात पुढे, शूटिंग करत.

तेवढ्यात आयव्हींना आणि हवालदाराला घेऊन रिक्षा सुरू झाली. त्याने बाजूने मान बाहेर काढली. वळणापर्यंत तो मागेच बघत होता.

जगनने वस्तरा वर उचलला. "काका, ओठ हलवू नका. कापेल."

"नाही हलवत."

जगन थांबला. पुन्हा वस्तरा टेकवला, पुन्हा उचलला. "काका..."

सुधीरने मोबाईल खाली केला.

उरलेली अर्धी मिशी काढायला जगनला फार वेळ लागला. तोवर टाळ्या थांबलेल्या.